सोबत आलेल्या माणसाने बोलायचं नाही

सोबत आलेल्या माणसाने सुनावणीत बोलायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम आहे. शिस्त समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हा शिपायाने तो मला नीट समजावून सांगितला. विद्यार्थ्याने धीरासाठी घरचं एक माणूस आणावं. त्या माणसाने शेजारी बसावं, पाणी द्यावं, वाटल्यास हात धरावा. तोंड मात्र उघडायचं नाही. म्हटलं, अहो, मग माणूस कशाला, उशीच आणली असती की! शिपाई हसला. बॉबिन हसली नाही.

बॉबिन म्हणजे माझी भाची. रांगायला लागल्यापासून हातातून निसटलेल्या, मशीनच्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी कुठेही गडगडत जायची, म्हणून हे नाव. माझी बहीण गेली तेव्हापासून ती माझ्याजवळ, माझ्या शिवणाच्या दुकानातच वाढली. शिवायचं दोघींनी आणि बोलायचं मी एकटीने, अशी आमची वाटणी. शाळेत कुणी तिला काही बोललं की पदर खोचून भांडायला मी हजर. आता ती विद्यापीठात शिवणकलेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्यावर परीक्षेत नक्कल केल्याचा आळ होता.

"मावशी, आत तू काही बोलायचं नाहीस," ती म्हणाली.

"मी कुठे बोलते?"

"मावशी."

"बरं बाई, नाही बोलत. ओठांना टाका घालते, झालं?"

तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांगायचं होतं तिला, पण तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

खोलीत लांब टेबल, त्यावर पाण्याचा जग, आणि पलीकडे तिघं. मधे अध्यक्षबाई, मऊ आवाजाच्या. एका बाजूला शिवणाचे प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला जाड पुस्तक घेऊन नियमवाले साहेब. टेबलावर दोन कोट ठेवले होते, एक निळा आणि एक करडा. निळा बॉबिनचा. करडा तिच्या मैत्रिणीचा.

मैत्रीण भिंतीकडेच्या खुर्चीत बसली होती, एकटीच. ताडमाड उंच पोरगी, आम्ही तिला निलगिरी म्हणतो. तिच्यासोबत कोण येणार? वडील नाहीत, आई इस्पितळात अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकलेत. लेकीची पदवी तेवढी बघू दे, म्हणत ती बाई एकेक दिवस ढकलतेय. समारंभ दोन महिन्यांवर आलेला.

प्राध्यापकांनी दोन्ही कोट उलटे केले. परीक्षेसाठी प्रत्येकीने आपला कोट स्वतः बेतायचा, कापायचा आणि शिवायचा होता. बाहेरून दोन्ही वेगळे दिसत होते. आतून मात्र खिसा, अस्तर, खांद्याची बांधणी, सगळं सारखं. निलगिरीचा कोट आधी जमा झाला होता, बॉबिनचा नंतर. म्हणजे नक्कल बॉबिनने केली, असं त्यांचं म्हणणं.

"तुला यावर काय सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी तिचं बघून केलं," बॉबिन म्हणाली. "माझी चूक झाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बघून करणार? जी सातवीत माझं बेतणं सुधारत होती, ती? साहेबांनी पुस्तकातून वाचलं: पहिलीच वेळ असेल तर कोट पुन्हा शिवायचा, पदवी पुढच्या सत्रात, आणि गुणपत्रिकेवर नकलेचा शेरा. निलगिरीला काही नाही. शेरा म्हणजे जन्माचा डाग. उद्या कोण काम देणार हिला? आणि मी आपली गप्प! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेवढ्यात प्राध्यापकांनी करड्या कोटाची बाही माझ्या बाजूला सरकवली आणि मला तो टाका दिसला.

आमचं दुकानातलं मशीन म्हातारं झालंय. शिलाई संपते तिथे दोरा सैल सोडतं. म्हणून आम्ही शेवटी हाताने एक आडवा टाका घालतो. विद्यापीठातली मशीनं नवी, तिथे कुणाला त्याची गरज नाही, पण बॉबिनच्या हाताला ते वळणच पडलंय. निळ्या बाहीत तो टाका होता. करड्या बाहीतही होता. दोन्ही कोट माझ्याच पोरीच्या हातचे होते.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"नक्कल बिक्कल काही नाही! दोन्ही कोट हिनेच शिवलेत!"

"बाई, तुम्हाला बोलता येणार नाही," साहेब म्हणाले.

"मग काय खुणा करून सांगू?"

बॉबिनने माझं मनगट घट्ट आवळलं. मला वाटलं, धीर आला पोरीला. मी उठून दोन्ही बाह्या शेजारी शेजारी धरल्या आणि टाका दाखवला. प्राध्यापकांनी चष्मा वर करून बघितलं, मग मान हलवली. माझी छाती फुगली.

"हिची मैत्रीण आईच्या उशाशी बसलेली. हिने तिचं काम उरकून दिलं. आमच्या दुकानात असंच चालतं. जिचा हात रिकामा तिने दुसरीचं अर्धवट उचलायचं. कोट पुरा झाल्याशी मतलब. याला चोरी म्हणतात होय? याला माणुसकी म्हणतात!"

 निलगिरीने तोंड ओंजळीत लपवलं होतं. साहेबांनी पुस्तकाची दोन पानं उलटली आणि हळू आवाजात वाचलं. परीक्षेचं काम दुसऱ्याला करून देणं, आणि दुसऱ्याने केलेलं आपलं म्हणून देणं, हा नकलेपेक्षा मोठा गुन्हा. शिक्षा दोघींना सारखीच. एक वर्ष विद्यापीठाबाहेर.

एक वर्ष. मी निलगिरीकडे बघितलं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हातातल्या बाह्या मी खाली ठेवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवलं होतं.

"अहो, मी ते... मला तसं नव्हतं म्हणायचं," मी म्हणाले.

"तुम्ही खरं बोललात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता मी ते ऐकलं नाही, असं मला करता येणार नाही." मग त्या निलगिरीकडे वळल्या. "आई इतकी आजारी आहे, हे आम्हाला का नाही सांगितलंस? तुला मुदत वाढवून मिळाली असती. त्यासाठीही नियम आहे."

"कुणाला सांगायचं ते कळलं नाही, मॅडम," निलगिरी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी जगमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ते तिने प्यायलं नाही.

घरी येताना बॉबिन माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तुला माहीत होतं हे?" मी विचारलं.

"मी सगळे नियम वाचले होते, मावशी. त्यातल्या त्यात लहान शिक्षा घेतली होती. तिचा कोट पास झाला असता."

"मग मला आधी सांगायचंस ना!"

"तू गप्प बसली असतीस?"

नसते बसले. माझी लाज वाटली मला, आणि त्या जाड पुस्तकाचा रागही आला. तो राग अजून गेलेला नाही.

चार दिवसांनी बॉबिन इस्पितळात निघाली, तेव्हा मीही गेले. निलगिरी आईच्या उशाशी करडं कापड मांडीवर घेऊन बसली होती. नवा कोट, या वेळी स्वतःच्या हाताने. शिक्षेचं तिने आईला सांगितलेलं नाही, हे बॉबिनने मला वाटेतच सांगितलं होतं. बाही पार वाकडी बसत होती. माझे हात शिवशिवले. बॉबिनने आपले दोन्ही हात पाठीमागे धरले होते आणि ती नुसतं तोंडाने सांगत होती: उसव, पुन्हा लाव. मीही माझे हात मागे घेतले.

आईने डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता.

"पदवीला घालणार आहे हा कोट," ती मला म्हणाली. "दोन महिने काढायचेत, बस. मिळेल ना हो ताई पोरीला पदवी?"

निलगिरीची सुई थांबली. बॉबिन माझ्याकडे बघत राहिली.

मी सोबत आलेली होते. मी निलगिरीच्या आईशेजारी बसले. तिला दोन घोट पाणी पाजलं. मग तिचा हात हातात घेतला आणि तिला झोप लागेपर्यंत धरून ठेवला.