मधलं दार

बटणवाल्या ताईंचं दुकान एवढंसं, की दारात मांजर आडवं झालं तर गिऱ्हाइकानं बाहेरच थांबावं. पण आत भिंतीभर लाकडी खण होते, दोनशे चौदा, आणि प्रत्येक खणावर नमुन्याचं एक बटण शिवलेलं. मुख्य रस्त्याचं पार रूप बदललं होतं. छत्रीवाल्याच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकत होती, कापडवाल्याच्या जागी काचेआड लोक कॉफी पीत बसत होते, शर्ट तर घरबसल्या येत होते. पण घरबसल्या आलेल्या शर्टाचंही बटण तुटतंच, आणि त्याचा जोडीदार शोधायला ताईंच्याच पायरीवर यावं लागे.

शेजारी चष्मेवाला. ताई त्याला भाऊ म्हणत, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी ताईंच्या नवऱ्यानं अंथरूण धरलं, तेव्हा यानंच गवंडी आणून दोन दुकानांमधल्या भिंतीत दार पाडलं. "तुम्ही दवाखान्यात बसा, तुमचं गिऱ्हाईक मी बघतो," म्हणाला. नवरा गेला, दार राहिलं. एक बाहेर पडला की दुसऱ्यानं दोन्ही दुकानं सांभाळायची, ही रीतच झाली. कोटाच्या बटणांचे भाव त्याला पाठ, आणि चष्म्याची सैल दांडी आवळायला ताईंना त्याची गरज उरली नव्हती.

मग बांधकामवाला आला. सगळी रांग पाडून तिथं सहा मजले उभे राहणार होते. नियम सरळ होता: मोजणीत ज्याचे जेवढे गाळे भरतील, त्याला तेवढे गाळे तळमजल्यावर, रस्त्याला लागून परत. ताईंचा जीव त्या एका गाळ्यात अडकलेला. म्हातारपणी लेकीच्या दारात बसायचं नाही, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं.

मोजणीआधी त्या भाऊला म्हणाल्या होत्या, मधलं दार बुजवून टाकू या का? तो हसला. कशाला उगाच खर्च, म्हणाला, मोजणीवाले येतील तेव्हा मी आहेच की. आणि मोजणी नेमकी आली ती ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा. दुकान अर्थातच भाऊवर टाकून गेल्या होत्या, दुसऱ्या कुणावर टाकणार?

परत आल्यावर त्यानं सांगितलं, सगळं झालं, काळजी नको. मोजणीच्या यादीचं विचारलं की म्हणे, अजून लागली नाही, लागली की मीच सांगतो, तुमच्या गुडघ्यांना ते कचेरीचे जिने कशाला? ताईंना किती बरं वाटलं होतं. माणूस गुडघ्यांचीसुद्धा काळजी करतो!

तीन आठवड्यांनी अस्तराची बटणं न्यायला आलेला शिंपी सहज बोलून गेला, की यादीत त्याचा गाळा नीट लागला, पंधरा दिवस झाले. ताईंनी शटर ओढलं आणि थेट कचेरी गाठली.

यादी त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली. त्यांचं दुकान कुठंच नव्हतं. आणि आता हसावं की रडावं, पण बाईंना पहिला संशय आला तो चष्म्याचा. नंबर वाढला असेल, भाऊला दाखवायला हवा. शेवटी कारकुनाला वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं वाचलं: चष्म्याचं दुकान, रुंदी दुप्पट, दोन खोल्या आतून जोडलेल्या, गाळे दोन, मालक एक. खाली भाऊची सही. हरकत घ्यायची मुदत कालच संपली, असंही तो म्हणाला. त्याला काय, त्यानं पुढचा कागद उचलला.

ताई परत आल्या तेव्हा चष्मेवाला काच पुसत होता. त्यांचा चेहरा बघून त्याचा हात थांबला.

"तुम्हाला नव्या दुकानात कोपरा देणारच होतो ताई. छान काचेचं कपाट. तुम्हाला उघड्यावर टाकीन होय मी?"

"मोजणीवाल्यांना काय सांगितलंत?"

"मला दोन मुलगे आहेत. एवढ्याशा गाळ्यात दोघांचं काय होणार होतं?"

"मी विचारते तेवढंच सांगा."

"त्यांनी दार बघितलं. विचारलं, दोन्ही तुमचंच का." तो पुन्हा काच पुसायला लागला. "हो म्हणालो."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. ओरडावं, रस्ता गोळा करावा, असं ताईंच्या फार मनात आलं. पण त्या मधल्या दारानं आपल्या दुकानात आल्या, ते लावलं, आणि बटणांचं मोठं कपाट इंच इंच ढकलत दारावर आणून टेकवलं. दोनदा कंबर धरून खाली बसल्या, पण कुणाला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खण पुसत होत्या. पलीकडून कपाटाआडून रोजचा आवाज आला, "ताई, जरा इकडे लक्ष असू द्या, मी आलोच."

त्याचीही सवयच ती. आणि ताईंच्या तोंडून "हो" निघून गेलं, पाऊलसुद्धा उचललं गेलं, ते कपाटाला जाऊन अडलं. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. कचेरीत आलं नव्हतं, त्याच्यासमोर आलं नव्हतं, ते रडू आता आलं.