झडतीवालीचं पोट

“पोटाला नका हात लावू बाई, टाके आहेत.”

झडतीवालीचा हात जागच्या जागी थांबला. पडद्याआड दोन्ही हात वर करून उभी असलेली बाई गुंडाळणी खात्यातली होती. विजेच्या छोट्या मोटारींच्या कॉइलवर तांब्याची बारीक तार चढवायची आणि तिची टोकं चिमट्यानं वळवायची, हे तिचं काम. म्हणून सगळा कारखाना तिला चिमटेवालीच म्हणायचा. झडतीवालीनं तिच्या काखा पाहिल्या, पाठ पाहिली, घोटे पाहिले आणि मधलं सगळं सोडून दिलं.

“झालं, जा,” ती म्हणाली.

हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. शिफ्ट सुटली की बायकांनी रांगेनं येऊन दारातलं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर सरळ घरी, लाल लागला तर पडद्याआड. दिवा कुणाला कुठला लागेल ते यंत्र ठरवायचं, त्यामुळे झडतीवालीवर रुसण्यात काही अर्थ नव्हता. बायका तरी रुसायच्याच. बटणापाशी मावशी बसायची. ती सगळ्यात जुनी गार्ड. सहा वर्षांपूर्वी तिनंच हिला काम शिकवलं होतं. “डोळे फाडून बघत नको बसू. लाजतात बायका. भिंतीकडे बघ आणि हातानं समजून घे,” असं सांगितलं होतं.

आणि खरोखर हिला हातानं समजायचं. कुणाच्या कमरेला दुखण्याचा पट्टा आहे, कुणी पैसे कुठे दडवलेत, कुणाला दिवस गेलेत आणि अजून सांगितलेलं नाही, सगळं तिच्या बोटांना कळायचं आणि तिथंच राहायचं. बोलायला तिखट असली तरी याबाबतीत तिचं तोंड घट्ट होतं. म्हणून लाल दिवा लागला की बायका तोंडं वाकडी करायच्या, पण पडद्याआड तिच्यासमोर उभ्या राहायला घाबरायच्या नाहीत.

बाळंतपणाच्या रजेवरून ती परतली त्याला दोन महिने झाले होते. ठमी पाच महिन्यांची झाली होती आणि दिवसभर आजीकडे असायची. ठमी आडवी आली, ऐनवेळी धावपळ झाली, पोट कापून तिला बाहेर काढलं. पोर ठणठणीत. ज्याला त्याला तेवढंच पुरेसं होतं. “दोघी सुखरूप ना, मग झालं तर,” असं सगळे म्हणायचे, आणि त्यावर काही बोलणं म्हणजे कृतघ्नपणा.

पण ती सुखरूप नव्हती. निदान तिला तसं वाटत नव्हतं. ओटीपोटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक जांभळी रेघ होती आणि त्या रेघेच्या वरचं पोट तिच्यावर ओघळून आलं होतं. गणवेशाची पँट दोन मापांनी मोठी घेतली, तरी पट्ट्याचं बक्कल नेमकं त्या रेघेवर बसायचं. बसमध्ये एका आजोबांनी काठी टेकत उठून तिला जागा दिली होती. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून ती निमूट बसली आणि आजोबा चार थांबे उभे राहिले. न्हाणीघरातल्या आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवला होता. नवरा त्याच टॉवेलाला हात पुसायचा, त्याला काही वेगळं वाटलं नाही.

हे सगळंही एक वेळ ठीक होतं. सगळ्यात वाईट गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. रेघेच्या वरचा तळहातभर भाग बधिर झाला होता. अंघोळीचं पाणी खांद्यावर कढत लागायचं, मांडीवर कढत लागायचं आणि तेवढ्या जागी काहीच लागायचं नाही. ती तिथं हात ठेवून उभी राहायची. हाताला पोट कळायचं, पोटाला हात कळायचा नाही. हातांवर पोट भरणाऱ्या बाईला याची किती भीती वाटत असेल, ते तिचं तिलाच ठाऊक.

म्हणून ती आताशा कुणाच्या पोटाला हात लावत नव्हती. मावशीच्या ते लक्षात आलं होतं, पण मावशी बोलली नाही.

बोलले ते साहेब. महिन्याच्या मध्यावर त्यांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. तांब्याच्या तारेची अकरा रिळं कमी भरत होती.

“बायकांच्या दारातूनच जातंय. कमरेला गुंडाळून नेत असणार. आणि ताई, राग मानू नका, पण हे सगळं तुम्ही रजेवरून आल्यापासून सुरू झालंय.”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला पहिल्यांदा आठवलं ते “टाके आहेत” हेच. किती जणींनी आपल्याला ते दोन शब्द सांगितले आणि आपण हात मागे घेतला, हे ती मोजू लागली. मी इकडे कळवळतेय आणि या मला येडी बनवतायत, असं तिला वाटलं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला, आणि स्वतःवरचा राग नेहमी निघतो तसा तो दुसऱ्यावर निघायचा होता.

त्याच संध्याकाळी लाल दिव्यावर चिमटेवाली आत आली.

“बाई, पोटाला जरा—”

“माहितीये, टाके. मुलं केवढी आहेत तुमची?”

“एकच आहे. एकोणीसचा झाला.”

“मग एकोणीस वर्षं टाके राहतात होय?”

झडतीवालीनं सबंध तळहात तिच्या बेंबीखाली ठेवला आणि दाबला. कपड्याखाली घट्ट आवळलेली पट्टी होती आणि पट्टीखाली काहीतरी गोल, गच्च. अंगाच्या उबेनं कोमट झालेली तार अशीच लागते. सहा वर्षांत दोनदा तिनं ती पकडली होती.

“वर करा.”

“नको ना बाई. तसलं काही नाहीये.”

“वर करा, नाहीतर साहेबांना बोलावते.” हे ती मोठ्यानं बोलली. पडद्याबाहेरची कुजबुज बंद झाली.

चिमटेवालीनं कुडता वर केला. जुन्या चादरीची फाडलेली पट्टी होती, तिला तीन सेफ्टी पिना. एकेक पिन काढून तिनं ती दातांत धरली. पट्टीच्या आत कापडाची जाड घडी होती. घडी काढली तशी तिच्याखालून पोटच हळूहळू पुढं आलं, मुठीएवढं. त्याच्या बाजूनं बेंबीपासून खाली उभा व्रण गेला होता, बोटभर रुंद, चकचकीत.

“खोकले की अजून येतं बाहेर,” चिमटेवाली पिना हातात घेत म्हणाली. “आडवी झाले की जातं आत. दिवसभर बसून काम, म्हणून बांधते. बघा ना, हात लावा. तार आहे का बघा.”

झडतीवालीनं हात लावला नाही.

“माझ्या नवऱ्यानं नाही बघितलं हे कधी,” चिमटेवाली म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. “एकोणीस वर्षांत तुम्हीच पहिल्या.”

ती पट्टी बांधू लागली. केसाइतक्या तारेचं टोक चिमट्यात धरणारी तिची बोटं, पण पिन काही लागेना. झडतीवालीनं मदतीला हात पुढं केला.

“राहू द्या.”

‘झालं, जा’ हे दोन शब्द त्या दिवशी झडतीवालीच्या तोंडून निघाले नाहीत. ती नुसती बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी चिमटेवालीला हिरवा दिवा लागला. तरी ती दारात थांबली. मागं पन्नास बायकांची रांग. तिनं कुडत्याची कड दोन बोटांत धरली आणि झडतीवालीला विचारलं, “आज बघायचंय का परत?”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाकीच्या झडतीवालीकडे बघत राहिल्या.

“हिरवा लागलाय गं, जा घरी,” मावशी म्हणाली, आणि चिमटेवाली गेली.

तार चार दिवसांनी सापडली. भंगाराच्या पिंपात तळाशी घालून पुरुषांच्या दारातून, ट्रकमधून चालली होती. साहेब दारापाशी येऊन सांगून गेले, “मिळाला बरं का माल. पण तपासणी अशीच कडक ठेवा, छान चाललंय.”

झडतीवालीला माफी मागायची होती. मनात तिनं दहादा मागितली. पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं उघडं पाडायचं आणि माफी मात्र कोपऱ्यात गाठून पुटपुटायची, हे तिला पटेना. आणि दुसरी गोष्ट तर तिला झोपू देईना. एकोणीस वर्षं. एका घरात, एका छताखाली राहून नवऱ्यानं बघितलं नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं राहून गेलं. असंच आपलंही राहून जाईल.

रविवारी सकाळी ठमी झोपली होती. नवरा खाटेवर बसून तिच्या लंगोटांच्या घड्या घालत होता. तो माल पोचवायची गाडी चालवायचा. माणूस सरळ होता, घरातल्या कामाला कधी मागं नसायचा आणि काम करताना तोंडानं काहीबाही चालूच असायचं.

“एवढ्याशा ढुंगणाला किती कपडे लागतात! एवढे तर मला लग्नात नाही मिळाले.”

“ऐक ना,” ती म्हणाली. “माझं पोट बघशील?”

“काय झालं? दुखतंय?”

“दुखत नाही. नुसतं बघ. तू बघितलंच नाहीयेस अजून.”

त्याचे हात थांबले. हसू गेलं. ती कुडत्याला हात घालतेय हे पाहून तो चटकन म्हणाला, “नको गं. खरंच नको दाखवू. त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीतून तुला बाहेर आणली ना, चादरीवर रक्त होतं... मला नाही बघवत. मला वाटतं मी तुला फाडायला दिली.”

त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं तोंड फिरवलं आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. तिला त्याचा रागही धरता येईना. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं कुडता सारखा केला, आणि शेवटी तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी चिमटेवालीला लाल दिवा लागला.

आत येऊन तिनं कुडता वर केला आणि पिनेला हात घातला. तोंड भिंतीकडे.

“नको,” झडतीवाली म्हणाली. “खाली घ्या तो.”

चिमटेवालीनं कुडता सोडला, पण भिंतीकडची नजर काढली नाही. झडतीवालीनं स्वतःच्या पट्ट्याचं बक्कल सोडलं. शर्ट वर ओढून हनुवटीखाली धरला आणि पँट बोटभर खाली केली. सहा वर्षं या दीड हाताच्या जागेत ती दुसऱ्यांना उभी करत आली होती. इथून पडदा किती पातळ दिसतो हे तिला आत्ता कळलं.

“बघा,” ती म्हणाली.

चिमटेवाली वळली. कॉइल तपासताना करायची तशी मान किंचित तिरकी करून तिनं पाहिलं. घाई केली नाही. चेहऱ्यावर काही आणलं नाही.

“आडवा घेतलाय,” ती म्हणाली. “चांगला भरलाय की. किती महिने?”

“साडेपाच. मला तिथं काही लागत नाही. हात लावला तरी कळत नाही.”

चिमटेवालीनं दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. मग एक बोट झडतीवालीच्या पोटावर ठेवलं.

“लागतंय?”

“नाही.”

“इथं?”

“नाही.”

बोट थोडं वर सरकलं असावं. झडतीवाली भिंतीकडे बघत होती. बाहेर मावशी कुणाला तरी रांगेत नीट उभी राहा म्हणून दटावत होती.

“इथं?”

“नाही.”

“आणि इथं?”

झडतीवालीनं मान वळवून खाली पाहिलं. “हो,” ती म्हणाली. “तिथं लागतंय.”

“मग एवढंच आहे ते. इथपर्यंतच.”

“परत येतं का?”

चिमटेवालीनं बोट काढलं नाही. “कुणाकुणाला येतं म्हणतात,” ती म्हणाली. “मला नाही आलं.”

झडतीवालीला रडू फुटलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं शर्टाची कड दातांत धरली. त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं, तोंडात शब्दही आले होते. पण तोंडात शर्ट होता, आणि चिमटेवालीनं मान हलवून तेवढ्यावरच मिटवलं.

“अगं, काय चाललंय काय आत?” मावशीनं बाहेरून विचारलं. “रांग अडलीय.”

चिमटेवालीनं तिच्या दातांतून शर्टाची कड सोडवली. शर्ट खाली ओढला, नीट खोचला. पट्टा आवळताना बक्कल व्रणावर येऊ नये म्हणून तिनं ते चार बोटं बाजूला सरकवलं. एका पावलानं मागं होऊन पाहिलं.

“झालं,” ती म्हणाली. “जा.”

आणि पडदा सारून स्वतःच निघून गेली.