धुक्यातली सातवी सायकल

आमच्या गावातून शाळेत आम्ही सातजण सायकलने जातो. तेरा किलोमीटर, समुद्राच्या बांधाकडेने, वारा कायम तोंडावर. सात वीसला बसथांब्यापाशी जमायचं आणि जोडीजोडीने निघायचं. दोन, दोन, दोन, आणि उरलेली मी, यिल्डू.

ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत आम्ही आठ होतो. मग माझ्या जोडीच्या नीन्केच्या आईला झ्वोल्ले शहरात नोकरी लागली आणि माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी झाली. मी भयंकर बडबडी. पुढच्या जोडीतली सिट्स्के म्हणायची, "यिल्डूची सायकल पायांवर नाही, तोंडावर चालते." आता ते तोंड तेरा किलोमीटर बंद.

आमचे नियम साधे आहेत. गाड्या शिरू नयेत म्हणून सायकलवाटेच्या मधोमध खांब रोवलेले असतात; तसा खांब आला की सगळ्यात पुढचा हिल्के "खांब" ओरडतो आणि प्रत्येक जोडी ते मागे पोचवते. मागून गाडी आली की शेवटच्याने "गाडी" ओरडायचं. ते तसंच पुढे जातं आणि सगळे एका ओळीत येतात. शेवटची जोडी मात्र मागे काही ओरडत नाही, कारण मागे कुणी नसतं. नीन्के गेल्यावर सिट्स्के आणि ब्रेख्ट शेवटची जोडी झाल्या. मी काही जोडी नव्हते.

खरं तर पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं, अगं, मी आहे की मागे. पण असं मागून घ्यायची लाज वाटली. शिवाय खांब मला पाठ होते.

त्या गुरुवारी इतकं धुकं होतं की पाठ असलेलंही काही दिसेना. पुढे नुसते सहा लाल दिवे. हिल्केचा आवाज अर्धवट आला, दुसऱ्या जोडीचाही, मग काहीच नाही. सायकलवाट संपून मोठा रस्ता लागतो तिथला खांब माझ्या पुढच्या चाकावर आला आणि मी थेट कडेच्या पाटात.

पाणी गुडघाभर, थंडगार. सहा दिवे पुढे चालले होते, जोडीजोडीने. कुणाचीही मान वळली नाही.

तेवढ्यात मागून दुधाच्या टँकरचे दिवे आले. मी पाटात उभी राहून छाती फुटेस्तोवर ओरडले, "गाडी."

"गाडी," सिट्स्केचा आवाज. "गाडी," त्यापुढचा. तीन जोड्यांची एक ओळ झाली, टँकर बाजूने निघून गेला, आणि मग दिवेही दिसेनासे झाले.

वाकडं चाक ढकलत मी शाळेत पोचले तेव्हा दुसरा तास चालू होता. मधल्या सुट्टीत सिट्स्के हसत आली. "आज काय खणखणीत ओरडलीस गं. टँकर अगदी..." मग तिला माझी ओली पँट दिसली. "हे कधी झालं?"

"तुला गाडी सांगायच्या आधी."

मग मीच पुढे म्हणाले, "सिट्स्के, मी तुमच्या मागे असते. रोज. खांब मलाही लागतो."

"मला वाटलं, तू आहेसच..." एवढंच म्हणून तिने आपला एक सुका मोजा, मग दुसराही काढून दिला.

सोमवारी चाक नीट झालं. सिट्स्के मान वळवून प्रत्येक खांब ओरडत होती. नंतर तर डबकं, मेंढी, कुणाचा तरी पडलेला हातमोजासुद्धा. ब्रेख्ट म्हणाली, "बास कर, तिला डोळे आहेत." मी खूप हसले.

तरी माझ्या डाव्या हाताची जागा रिकामीच होती. मोठ्या रस्त्यापाशी पुन्हा "खांब" आलं. मी खांब चुकवला, मान वळवली आणि मागच्या मोकळ्या वाटेला हळूच सांगितलं, "खांब."