तिसरा, तिरपा ठिपका

कल्पना करा, तुम्ही जुन्या गाड्यांच्या भंगाराच्या आवारात उभे आहात. डोळे मात्र मिटू नका, पायाखाली काचा आणि नटबोल्ट आहेत. डावीकडे गाड्यांची दारं एकावर एक रचलेली, उजवीकडे टायर, आणि मधल्या पत्र्याच्या शेडखाली लाकडी ओंडक्यांवर ओळीनं मांडलेली इंजिनं. तुमचं वय अकरा. नखांत ग्रीस अडकलंय. आणि तुम्हाला एका माणसावर सूड उगवायचाय. जमलं? मग या माझ्याबरोबर.

तुम्ही आता जिच्या जागी उभे आहात, त्या मुलीला सगळे ‘दहा नंबर’ म्हणायचे. दहा नंबरचा पाना इवलासा असतो आणि हवा असतो तेव्हा हमखास सापडत नाही, म्हणून बाबांनीच ते नाव ठेवलं होतं. बाबा गाड्या दुरुस्त करायचे आणि वर्षातून एकदा टेकडीवरच्या शर्यतीत स्वतःची गाडी पळवायचे. मागच्या वर्षी त्यांनी गॉगलवाल्याकडून एक इंजिन घेतलं. हा माणूस घरातसुद्धा गॉगल काढत नसे. इंजिनांची खरेदी-विक्री करायचा, त्याच शर्यतीत गाडीही पळवायचा, पण स्वतःच्या हातानं एकही नट फिरवायचा नाही. त्या इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे धडालाच, भेग होती, आणि ती लुकण, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली होती. शर्यतीत, अर्ध्या चढावर पाणी उकळलं. बाबांनी बॉनेट उघडलं आणि त्याच क्षणी पाइप फुटला. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं अजून वळत नाहीत. शर्यत गॉगलवाल्यानं जिंकली. बाबा विचारायला गेले तेव्हा तो म्हणाला, “बघून घ्यायचं असतं. विकणारा थोडाच सांगतो?”

दहा नंबर तेव्हा दारात उभी होती. ते वाक्य तिनं जपून ठेवलं होतं.

या वर्षी गाडीला टर्बो लावायचा, असं तिनं आणि बाबांनी ठरवलं. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं जास्त हवा कोंबणारा पंखा. डब्यात साठवलेले पैसे मोजून झाले तेव्हा दहा नंबर म्हणाली, “सगळ्यात भारी इंजिन घेऊ.”

“आणि टर्बो? तो काय सुतळीनं बांधणार?” बाबा म्हणाले. “टर्बो, पाइप, हवा थंड करायची जाळी, इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर, सगळं यातच बसवायचंय. इंजिनाला एक तृतीयांश. त्यावर एक दमडी नाही.”

म्हणून ते दोघं शेडखाली आले होते. पहिलंच इंजिन चंदेरी, आरशासारखं. दहा नंबर तिथेच थबकली.

“हे आधीच हवा अकरापट दाबतं,” बाबा म्हणाले. “बॅग आधीच गच्च भरलीय. तिच्यात अजून कपडे कोंबले तर?”

“चेन तुटेल.”

“तेच. आपल्याला अर्धी रिकामी बॅग हवी.”

ती त्यांना ओळीच्या टोकाला सापडली. सामान पोचवणाऱ्या एका व्हॅनचं इंजिन होतं ते, काळं, मळकट, लोखंडी ब्लॉकचं. हवा फक्त साडेआठपट दाबणारं. दिसायला अगदी उकिरड्यावरचं. बाबांनी चारही स्पार्क प्लग काढून ठेवले. दहा नंबरनं प्लगच्या एकेका भोकावर अंगठा घट्ट दाबून धरला आणि बाबांनी डाव्या हातानं मोठ्या पान्यानं इंजिन फिरवलं. चारही भोकांनी तिचा अंगठा सारख्याच जोरानं उडवला, म्हणजे आतला दाब शाबूत होता. तेलाच्या झाकणाखाली तिनं बाबांचा रुमाल फिरवला. तेल काळं होतं, पण दुधाळ नव्हतं. म्हणजे पाणी कुठूनही आत शिरत नव्हतं.

“हेच,” ती म्हणाली.

बाबा भाव करायला मावशींच्या खोलीत गेले. मावशी म्हणजे आवाराच्या मालकीण. त्यांचा नियम शेडच्या खांबावर रंगवलेला होता. पैसे द्यायचे आणि आपली चिंधी आपल्या हातानं मालावर बांधायची. बांधली की विकलं. परत नाही. आणि बांधली नसेल तोवर माल कुणाचाच नाही.

दहा नंबर पुन्हा चंदेरी इंजिनापाशी आली. मन निघत नव्हतं. ती वाकली, आणि तेलाच्या फिल्टरच्या मागे तिला तीन ठिपके दिसले. बाबा उघडलेल्या प्रत्येक इंजिनावर टोकदार पंचनं तीन ठिपके ठोकतात. यातला तिसरा तिरपा होता, कारण तो तिनं ठोकला होता. मागच्या शर्यतीनंतर भेग शोधायला उघडलं, तेव्हा हे इंजिन काळं होतं. बाबांनी भंगारात वजनावर विकलं, आणि इथे त्याला चंदेरी रंग चढला.

ती उभी राहिली तर समोर गॉगलवाला.

“काय गं, बाबा कुठे?”

“आत. भाव करतायत.”

“कशाचा?” तो शेडभर बघत म्हणाला. त्यालाही या वर्षी टर्बो लावायचा होता, आणि इंजिन ओळखण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नाही, हे त्याला ठाऊक होतं. व्हॅनच्या इंजिनाकडे तिनं नुसती मान वळवली असती तरी त्यानं ते पळवलं असतं. त्याच्याकडे पैसे होतेच.

दहा नंबरनं चंदेरी इंजिनावर हात ठेवला. “याला आमचे पैसे पुरत नाहीत, काका.” ते खरं होतं.

“बाबांनी बघितलंय हे?”

“आतून-बाहेरून.” तेही खरं होतं.

“हात गेला, पण नजर शाबूत आहे म्हणायची,” तो हसून म्हणाला.

त्या हसण्यापर्यंत सांगावं की नाही, असं तिच्या मनात येत होतं. त्यानंतर नाही आलं.

त्यानं हाका मारल्या. मावशी बाहेर आल्या, मागून बाबा. गॉगलवाला नोटा मोजू लागला. बाबांनी इंजिनाकडे पाहिलं, खाली वाकून पाहिलं आणि तोंड उघडलं. दहा नंबरनं त्यांची न वळणारी बोटं मुठीत धरली आणि दाबली. बाबांनी तोंड मिटलं.

“एकदा बघून घ्या,” मावशी म्हणाल्या. “चिंधी बांधली की माझा बाप आला तरी परत नाही.”

“बघणाऱ्यानं बघितलंय.” त्यानं खिशातून गॉगल पुसायचं पिवळं फडकं काढलं आणि बांधलं. वर एक गाठ जास्तीची मारली.

आता ती गप्प बसू शकली असती. चढावर पाणी उकळलं असतं, त्यानं बॉनेट उघडलं असतं. तिनं ते सगळं डोळ्यांपुढे आणून पाहिलं, अगदी पाइप फुटेपर्यंत. मग तिला घरचा नळ आठवला, आणि त्याखाली तासभर हात धरून उभे राहिलेले बाबा.

“काका, फिल्टरच्या मागे तीन ठिपके आहेत,” ती म्हणाली. “तिसरा माझा. तुम्हीच आम्हाला विकलेलं इंजिन आहे हे. भेग रंगाखाली आहे. याच्यावर चढ चढू नका, हात भाजेल.”

तो वाकला. बऱ्याच वेळानं उठला. “आधी का नाही सांगितलंस?”

“बघून घ्यायचं असतं. विकणारासुद्धा सांगत नाही, आणि मी तर विकणारीही नाही.”

मावशींनी नुसतं खांबाकडे बोट दाखवलं. गॉगलवाल्यानं पहिल्यांदाच गॉगल काढला. त्याची नजर ओळीवरून सरकत टोकाला गेली, तिथे काढून ठेवलेल्या चार प्लगांपाशी थांबली. त्याला कळलं.

“ते व्हॅनवालं,” तो मावशींना म्हणाला. “त्याचे दुप्पट देतो.”

मावशींनी बाबांकडे पाहिलं. “पैसे तुमचे आलेत. पण चिंधी कुठे बांधलीय अजून?”

बाबांचा डावा हात खिशात रुमाल शोधू लागला. गॉगलवाला चालू लागला होता, लांब टांगा टाकत.

रुमाल दहा नंबरनं घेतला होता, आणि तेलानं भिजलेला तो रुमाल ती प्लगांपाशीच विसरली होती. तिनं वेणीची लाल रिबीन ओढून सोडली आणि धावत सुटली. ती त्याच्या कोपराखालून पुढे घुसली, त्या मळक्या इंजिनाच्या उचलायच्या कडीतून रिबीन ओवली, आणि एक गाठ मारली. मग दुसरी. मग, तो शेजारी येऊन उभा असताना, त्याच्याकडे बघत सावकाश तिसरी. तिरपी.