करड्या फायलीतली यादी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या वकीलसाहेबांनी तीन ठेवल्या होत्या. सकाळी कोर्ट, दुपारी वर्तमानपत्राचं टेबल, आणि युद्धाच्या पाच वर्षांत संध्याकाळी लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यात हजेरी. शहराचा कारभार पाहणारे आणि लष्कर यांच्यामधला दुवा, असा त्यांचा हुद्दा होता. दुवा म्हणजे इकडची बातमी तिकडे पोचवणारा. घरातल्या कुणी हेच केलं तर आपण त्याला दुवा म्हणत नाही, पण ते असो.

मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते गेल्यावर बारा वर्षांनी त्यांच्या पुतण्याला खोली रिकामी करून हवी होती, म्हणून एकोणचाळीस खोकी आमच्या दप्तरखान्यात आली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, नोकरीत नवी. खोकी लावायचं काम माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून वकीलसाहेब माझ्या गळ्यात पडले ते पडलेच. लग्न केलं नाही. करायचं राहिलं म्हणू. आई गेल्यावर दीड खोलीत मी एकटी. दिवसभरात जिवंत माणसांपेक्षा या मेलेल्या माणसाशीच माझं जास्त बोलणं होतं, आणि तो उलटून बोलत नाही ही त्याची सगळ्यात वाईट खोड आहे.

त्यांची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी. निळ्या फायली कोर्टाच्या, तपकिरी वर्तमानपत्राच्या, करड्या गुप्तवार्तेच्या. एका रंगातला कागद दुसऱ्या रंगात जायचा नाही. जोडीचे कागद डाव्या कोपऱ्यात टाचणीनं टोचलेले. टाचण्या गंजतात आणि कागद खातात, म्हणून त्या चिमट्यानं अलगद काढायच्या, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो इतक्या निष्ठेनं गिरवला की कचेरीत मला टाचणीबाई म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर नुसतं बाई.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना जुळाऱ्याची मुलगी आली.

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवणारा. वकीलसाहेबांच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात हा माणूस कामाला होता. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी एका पहाटे त्या छापखान्यातले अकरा कामगार लष्करानं उचलून नेले. चोरून पत्रकं छापतात, असा आरोप. सात परत आले, चौघं आले नाहीत. नावं कुणी दिली ते कळलं नाही आणि शहर पंचेचाळीस वर्षं कुजबुजत राहिलं. मग वकीलसाहेबांच्या करड्या फायलीत एक यादी सापडली. त्यांच्याच अक्षरात पाच नावं, प्रत्येकापुढे वार आणि वेळ, खाली एक ओळ: मागच्या दारानं यावं. एका प्राध्यापकांनी त्यावर पुस्तक लिहिलं. हे पाच जण म्हणजे पाच खबरे, असं ठोकून दिलं. त्यातले चौघं तोवर वारले होते. जिवंत होता तो जुळारी, वय पंच्याहत्तर.

ती यादी मला सापडली होती. पुस्तकाच्या प्रस्तावनेत प्राध्यापकांनी माझे आभार मानले आहेत. छापील पुस्तकात माझं नाव तेवढ्या एकाच जागी आहे, आणि ते पान मी कितीदा उघडून पाहिलंय हे सांगायची लाज वाटते.

मुलगी म्हणजे बहात्तर वर्षांची बाई. करकरीत इस्त्रीचे कपडे, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अर्जातल्या ‘कारण’ या रकान्यात त्यांनी ‘बघायचंय’ एवढंच लिहिलं. मी यादी समोर ठेवली तर तिला हात लावला नाही. तासभर नुसत्या बघत बसल्या.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. “ही खबऱ्यांचीच यादी ना, ताई?”

“पुस्तकात तसं आहे.”

“पुस्तक मी वाचलंय. तुम्ही रोज हे कागद बघता. तुम्ही सांगा.”

“तसंच दिसतंय.”

“दिसतंय नको. आहे का, ते सांगा.”

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. तीच खुर्ची, तोच कागद, जाताना तोच प्रश्न. चौथ्या दिवशी मी वैतागले. वाचनकक्षात एरवी कुत्रं फिरकत नाही आणि आलं एक माणूस ते पिच्छा पुरवणारं! बापाचा कलंक पुसायला आलीय बिचारी, असं मी मनाशी धरलं. पण माझ्याकडे तिच्यासाठी होतं काय? आज येऊ दे, एकदाच पक्कं सांगून टाकते, असं ठरवून मी सकाळी ती यादी खिडकीपाशी नेली.

तीस वर्षांत तो कागद मी शंभरदा वाचला असेल. पाहिला मात्र त्या दिवशी. उजेडासमोर धरल्यावर डाव्या कोपऱ्यात तीन भोकं दिसली, गंजाची तांबूस कडा असलेली. दोन जवळजवळ, तिसरं लांब आणि तिरकं. म्हणजे टाचणी एकदा चुकली होती आणि पुन्हा टोचली होती. म्हणजे या यादीला जोडीदार होता. करड्या फायलीतले सगळे कागद मी उजेडात धरून पाहिले. एकालाही तशी भोकं नव्हती.

तेव्हा मला जिना आठवला. तेविसावं खोकं वर नेताना त्याचा तळ फाटला होता आणि कागद पायऱ्यांवर पसरले होते. निळे, करडे, तपकिरी, सगळी मिसळ. मी एकटीनं ते गोळा केले. यादीची टाचणी जिन्यात निसटली की माझ्याच चिमट्यानं निघाली, ते आता सांगता येत नाही. पण कुठला कागद ते कळत नसेल तर काय करायचं, हे मला पक्कं शिकवलं होतं. तो ‘सुटे कागद’ या फायलीत घालायचा आणि वर पेन्सिलीनं लिहायचं, जागा माहीत नाही. मी ते केलं नाही. वार, वेळ, मागचं दार! वर्षभर भाडेपावत्या आणि नोटिसा लावून कंटाळलेल्या पोरीला एक गुपित हवं होतं. यादी मी करड्या फायलीत घातली आणि आठवडाभरानं तिथंच ती मला ‘सापडली’. हे मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

त्या दिवशी जुळाऱ्याच्या मुलीला मी म्हटलं, “तीन दिवसांनी या. मला एक गोष्ट तपासायचीय.” त्यांनी मान हलवली. घाई आहे, एवढंच म्हणाल्या.

तीन दिवस मी एकेक निळी फाईल उलगडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जोडीदार शेजारच्याच कपाटात निघाला, त्या अकरा कामगारांच्या खटल्याच्या फायलीत. त्यांचं वकीलपत्रही साहेबांनीच घेतलं होतं. कोर्टाला करायच्या अर्जाचा मसुदा. ‘सोबतच्या यादीतील पाच साक्षीदार आरोपींच्या बाजूने तपासण्याची परवानगी मिळावी. सदर साक्षीदारांवर पाळत असल्याने त्यांच्या जबान्या माझ्या कचेरीत खासगीत घ्याव्या लागत आहेत.’ डाव्या कोपऱ्यात तीन भोकं. यादी त्यावर ठेवली. दोन जवळजवळ, एक लांब आणि तिरकं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

खटला कधी उभाच राहिला नाही. माणसं सुनावणीशिवाय आत ठेवली गेली. म्हणून यादी कुणाच्या डोळ्यांसमोर आली नाही. जुळारी खबऱ्या नव्हता. आपल्या सोबत्यांसाठी साक्ष द्यायला मागच्या दारानं जात होता, आणि तेव्हा तेवढ्यासाठीसुद्धा माणूस उचलला गेला असता. खरा खबऱ्या कोण, ते करड्या फायलीत नाही. स्वतःवर शेकेल असा कागद मागे ठेवण्याइतके वकीलसाहेब भोळे नव्हते.

मी आमच्या अधिकाऱ्यांकडे गेले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, मग दार लोटलं.

“बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन महिने राहिलेत तुमचे. प्राध्यापक गेले, जुळारी गेला. आता मढी उकरून काय मिळणार?”

“मढी उकरणं हाच आपला धंदा आहे, सर.”

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. “मग लेखी द्या. तुमच्या सहीनं. निरोपसमारंभात लोक हेच बोलतील, सांगून ठेवतो.”

निरोपसमारंभाला येऊन येऊन येणार कोण, हे मी बोलले नाही. टिपण लिहिलं. यादी चुकीच्या फायलीत मी ठेवली, केव्हा, कशी आणि का, सगळं. खाली सही केली. तीस वर्षांत माझ्याजवळ जे काही होतं ते हे काम होतं, आणि आता सूचीत माझ्या नावापुढे कायमची ही चूक राहणार होती. पण खरं सांगायचं तर त्याखाली एक आनंदही होता. कुणाला तरी द्यायला पहिल्यांदाच माझ्याकडे काही होतं. त्या बाई आधी मला फाडून खातील, मग रडतील, मग कदाचित माझा हात धरतील, असं सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं.

त्या ठरल्या वेळी आल्या. वाचनकक्षात आम्ही दोघीच. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले, भोकं दाखवली, अर्ज वाचून दाखवला आणि म्हटलं, “चूक माझी आहे, मावशी. प्राध्यापकांनी मी दिलं ते लिहिलं.”

त्यांनी पहिल्यांदाच कागदाला हात लावला. बोट तिसऱ्या भोकावर ठेवलं. “म्हणजे साक्षीला जात होते.”

“हो.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी बोट उचललं. मग कागद माझ्याकडे सरकवला. “ठेवा तो होता तिथंच.”

“कुठे?”

“करड्या फायलीत. तुमचं ते टिपणही फाडून टाका. मी कुणाला सांगणार नाही.”

“पण मावशी, तुम्ही तर त्यांच्यावरचा आळ…”

“आळ कसला? मी पक्कं करून घ्यायला आले होते. पुढच्या आठवड्यात मी वृद्धाश्रमात जातेय. म्हटलं, जाण्यापूर्वी एकदा कुणीतरी सांगावं की ते होते खबरे. म्हणजे माझं बरोबर होतं.” त्यांनी चष्मा काढला. डोळे कोरडे होते. “चार दिवस विचारत होते तुम्हाला. एकदा हो म्हणाला असतात तर गेले असते मी.”

टिपण अधिकाऱ्यांकडे पोचलं होतं, पण नसतं पोचलं तरी माझं उत्तर तेच असतं. “नाही, मावशी. तिथं नाही ठेवता येणार.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. खिडकीकडे बघत सांगू लागल्या, आवाज न चढवता, जसा कुणी पत्ता सांगावा.

“घरी आम्ही दोघंच. मी आणि बाबा. पुस्तक आलं त्या दिवशी शेजारच्यांनी ते पान उघडून दारात ठेवलं होतं. मी वाचलं, बाबांनी वाचलं. मग जेवायला बसलो. बाबा म्हणाले, मी साक्षीला जात होतो गं, पुढच्या दारावर पाळत होती. एवढंच, साधं. मी म्हटलं, जेवून घ्या, गार होतंय.”

मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

“छापलेलं होतं ना, ताई. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं छापून दिलं. छापलेल्यावर विश्वास ठेवायचं मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यानंतर चार वर्षं जगले ते. मी रांधलं, कपडे धुतले, पाय चेपले. बोलले नाही. एक शब्द नाही. गेले त्या दिवशीसुद्धा डॉक्टरांशी बोलले, त्यांच्याशी नाही.”

बाहेर कुणीतरी कपाट ढकलत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मला म्हणावंसं वाटलं की ती चार वर्षं मी तुमच्याकडून घेतली, एका गुपिताच्या हौसेपायी. पण ते बोलूनही त्यांना काही परत मिळणार नव्हतं, आणि माफी मागायची तर ती फक्त माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून झाली असती. त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला, तोही ठेवला नाही.

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. दोऱ्याची गाठ नीट बसवली.

“रोज समोर बसून जेवायचे,” त्या म्हणाल्या. “पुन्हा कधी सांगितलं नाही. एकदा जरी पुन्हा म्हणाले असते ना, तर मी ऐकलं असतं. ऐकलं असतं ना मी, ताई?”

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पिशवी खांद्याला लावली आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.