सटवाच्या तोंडातला स्क्रू

मी एक जुना स्क्रू हाय, मित्रांनो. दारातला न्हाई, मानसाच्या जबड्यातला. टायटॅनियमचा. कारखान्यातून निघालो तवा काचेच्या नळीत व्हतो. घाण काय असती ते मला मानसांनी दाखवलं.

सटवा तीस वर्षांचा, पन समज चार वर्षांच्या लेकराची. बोलनं दोनचार शब्दांचं. फिट येऊन पडला आन समोरचा दात गेला. गावच्या दूध संस्थेनं दातांचं शिबिर घेतलं, त्यात त्याचा नंबर लागला. खुर्चीत बसंना, म्हनून बीडला नेऊन भूल दिली आन मला हाडात बसवलं. काही महिन्यांनी माझ्यावर दात चढला.

डॉक्टरीन बाई त्याच्या मायला म्हनल्या, "चंद्रभागाबाई, रोज मऊ ब्रशनं घासा. त्याला दुखलं तरी सांगता येनार न्हाई."

संस्थेचे चेअरमन अर्जुनराव आले. अंगठीच्या बोटानं सटवाचा ओठ वर केला, फोटो काढला. हात न धुता. थू!

तरी ते दिवस बरे व्हते. सटवा भाकरीचा पापुद्रा कुरुम कुरुम चावायचा. संस्थेत दुधाचे कॅन उचलायचा, दिसंल त्याला दात दाखवायचा.

मग दुष्काळ पडला. टँकरची वाट बघायची, चूळ भरायला पानी कुठलं? मायनं ब्रश ठेवून दिला आन स्वतःची मिसरी त्याच्या हिरडीला चोळली.

"मिसरीनं दात पक्के व्हत्यात रे राजा."

जळका तंबाखू! रोज माझ्या गळ्याशी लेप. हिरडी सुजली, पू झाला, मी त्यात बुडालो. काय तो वास!

अर्जुनराव कॅनच्या शेजारी गुटखा थुंकले आन म्हनले, "लांब हो बे! दूध नासंल तुझ्या तोंडानं."

काम गेलं. सटवा स्वतःच्याच गालावर बुक्क्या मारायला लागला. लोक म्हनले, "येड वाढलं, बांधा त्याला." मायनं रडत रडत हात बांधले. तोंड कुनी उघडलं न्हाई. मला शिसारी आली या लोकांची.

एक दिस घास भरवताना रक्त आलं. मायनं बोट घातलं, मी हाललो. ती तशीच त्याला घेऊन बीडच्या जीपमधी बसली.

"मिसरी लावली का?" डॉक्टरीन बाईंनी विचारलं.

"चांगलीच म्हनून लावली वं बाई."

भूल देऊन मला काढलं. सटवा शुद्धीवर आला. हात मोकळे व्हते. गाल चाचपला, मारला न्हाई. हसला, दातात खिंडार.

"परत बसंल का?" मायनं विचारलं.

"हाड भरलं तर. आधी तोंड साफ ठेवा."

मी आता ट्रेमधी पडलोय, पुवानं माखलेला. मित्रांनो, ज्याला सांगता येत न्हाई त्याचे हात बांधायच्या आधी त्याचं तोंड उघडून बघा. वास आला तर नाक दाबू नका. तीच त्याची हाक असती.