वरची रेती, तळाची रेती

माझी बहीण गुणाबाई शेलार गावात राहते. २००७ साली तिची जमीन गोदामाला गेली आणि पैसे बँकेत आले. तिच्या प्रितेशला ते सगळे सोनं शोधणाऱ्या एका कंपनीत घालायचे होते. सही गुणाबाईची लागणार होती, आणि सोमवारी एजंट फॉर्म न्यायला येणार होता. तिनं मला रविवारी खारबावहून बोलावून घेतलं.

"दादूस, तूच बघ. मना यातलं काय कलत न्हाय."

प्रितेशनं गुळगुळीत कागद पुढे केला. त्यावर पिवळी रेघ असलेल्या दगडाचा फोटो होता.

"टनाला चाळीस ग्रॅम सोनं, मामा. आठ मिळालं तरी खाण चालते."

"हा दगड निवडला कुणी?"

"कंपनीनं. मामा, ही भाजी न्हाय, दाबून बघायला."

मी त्याला आमचं सांगितलं. खाडीतून रेती काढायचो तेव्हा होडी बंदराला लागली की व्यापारी वरची रेती बघायचाच नाही. कोपरापर्यंत हात खुपसून तळाची मूठ काढायचा. कारण आम्ही खाली चिखलाची रेती भरून वर धुतलेली पसरायचो. मीही पसरली आहे.

"त्याच पैशात माझं लग्नाचं लुगडं आलं ना रं?" गुणाबाईनं विचारलं.

"त्याच."

"म्हंजे चिखल नेसून सासरी आले मी."

प्रितेशची बायको सोनल हसू दाबत बाहेर आली. ती विज्ञान शिकलेली. म्हणाली, "मामा, काही देशांत शेअरबाजाराचा तसा नियमच आहे. सोनं लागलं म्हणायचं तर बोअर किती मारले, नमुने कसे घेतले, रिकामे किती गेले, सगळं सांगायचं. आणि जाणकार भूगर्भशास्त्रज्ञानं आपलं नाव घालून जबाबदारी घ्यायची. मी सायबर कॅफेत वाचलं."

"मला का न्हाय सांगितलंस?" प्रितेश म्हणाला.

"दोनदा सांगितलं. तुम्ही मोबाइल बघत होता."

कागदावर कुणाचंच नाव नव्हतं. प्रितेशनं एजंटला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"साहेब, बोअर किती मारले?"

"चौदा।"

"सगळ्यांचे आकडे पाठवा."

"बाकी का क्या करोगे? अच्छावाला दे दिया ना।"

"रिपोर्टवर नाव कुणाचं आहे?"

"अरे भाई, पैसा लगाना है या इम्तिहान लेना है?"

प्रितेशनं फोन ठेवला. गुणाबाईनं कोरा फॉर्म घडी घालून त्याच्या हातात दिला.

"मी न्हाय सही करत, बाला."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. पण त्यानं फॉर्म खिशात घातला. मग म्हणाला, "आई, मी माझ्या दोस्तांना, भाविकला आन् वाल्मीकला पन यात ओढलंय. उद्या भरतील ते पैसे."

"मंग आज जा."

"हसतील मना."

"हसू दे. आधी जेव."

जेवून मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. आधी भाविकचा यंत्रमागाचा कारखाना लागला. सगळे लूम चालू होते. प्रितेशनं भाविकच्या कानाशी तोंड नेलं, तरी ऐकू जाईना.

"चौदा बोअर मारले," तो ओरडला, "दाखवला एकच."

भाविकनं मान हलवली, हसला, चहा मागवायची खूण केली. प्रितेशनं पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा, एकेक शब्द तोडून. तेव्हा भाविकनं कारागिराला हात केला आणि जवळचे चार लूम बंद करायला लावले.

"आता नीट सांग," तो म्हणाला.